प्रोफेसर केळफा : जादूगार दादासाहेब फाळके

फळ्यावर ‘फाळके’ हा शब्द लिहा आणि मुलांना तो उजवीकडून डावीकडे वाचायला सांगा. के-ळ-फा. केळफा! मुलं हसतात. मग सांगा, की सव्वाशे वर्षांपूर्वी याच नावाचा एक जादूगार आपल्याकडे रंगमंचावर जादूचे प्रयोग करत असे. त्याचं नाव होतं प्रोफेसर केळफा. हे प्रोफेसर केळफा म्हणजेच धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब फाळके.

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात दादासाहेबांची ओळख एका ओळीत संपते. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’, साल १९१३. प्रश्न एक गुणाचा, उत्तर एका ओळीचं. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरूनही जातात. पण हा माणूस चित्रपट काढण्याच्या दहा-बारा वर्षं आधी जादूगार होता, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते तर त्यांच्या चित्रपटाचं बी त्या जादूतच होतं. म्हणून आज त्यांचं चरित्र जादूगाराच्या बाजूने पाहूया.

शास्त्रीबुवांचा मुलगा

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके यांना लोक दाजीशास्त्री म्हणत. ते संस्कृतचे मोठे पंडित होते. घरात पूजा-अर्चा, पुराणं, पोथ्यांचं वाचन. मुलानेही शास्त्री व्हावं अशी त्या काळी कुणाचीही अपेक्षा असणार. पण धुंडिराजचं लक्ष चित्र काढण्यात आणि नाटकात. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईत कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं.

१८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकू लागले. तिथून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू झालं होतं. हाताने काम करत शिकण्याची ती संस्था होती. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, असं जे दिसेल ते धुंडिराज शिकत गेले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. बघा, विशीतच रंगमंच कसा असावा याचा विचार त्यांच्या डोक्यात होता.

पुराणातल्या गोष्टी घरातून मिळाल्या, चित्रकला शाळेतून आणि यंत्र हाताळण्याची सवय कलाभवनातून. या तिन्ही गोष्टी पुढे एकाच ठिकाणी उपयोगी पडणार होत्या. त्या वेळी मात्र हा मुलगा एका कामावर टिकत नाही, असंच लोकांना वाटलं असेल. आपल्या वर्गातही अशी मुलं असतातच की!

कॅमेरा, प्लेग आणि अफवा

शिक्षणानंतर त्यांनी गुजरातमध्ये गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. संसारही मांडला. पण १९०० च्या प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. तिशीतला माणूस, आणि घर एकदम रिकामं झालं. गोध्रा सोडून ते बडोद्याला आले आणि पुन्हा फोटोग्राफी करू लागले.

इथे एक वेगळीच अडचण आली. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी अफवा शहरात पसरली होती. गिऱ्हाईक येईना. धंदा बसला.

आज आपल्याला हसू येतं. पण जरा विचार करा. काळ्या पेटीसमोर माणूस बसतो आणि त्याचा हुबेहूब चेहरा कागदावर उमटतो. आत काय घडतं हे माहीत नसेल, तर भीती वाटणारच. आतलं यंत्र कळलं की तीच गोष्ट मजेची होते. अज्ञानातून येणारी भीती आणि ज्ञानातून येणारा आनंद यांतलं अंतर दादासाहेबांनी इथे स्वतः भोगलं.

प्रोफेसर केळफा रंगमंचावर येतात

पोटासाठी ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. याच सुमारास, म्हणजे १९०१ च्या आसपास, त्यांची एका जर्मन जादूगाराशी गाठ पडली. त्याच्याकडून ते जादूचे प्रयोग शिकले.

इथे थोडं थांबून त्या काळची जादू समजून घेऊ. आपल्याकडे जादू नवीन नव्हती. गारुडी, मदारी, डोंबारी गावोगाव फिरत. टोपलीतून मूल नाहीसं करणं, मातीत कोय पुरून आंब्याचं रोप उगवून दाखवणं हे खेळ चौकात, उघड्यावर, चारही बाजूंनी माणसं उभी असताना चालत. रंगमंचावरची जादू याहून वेगळी. फ्रान्समध्ये रॉबेर-उदँ नावाचा एक घड्याळजी होता. त्याने १८४५ मध्ये पॅरिसला खास जादूचं छोटं नाट्यगृह काढलं. भुताखेतांचा पेहराव टाकून तो सभ्य गृहस्थाच्या पोशाखात रंगमंचावर आला. त्याच्या खेळामागे घड्याळातल्यासारखी यंत्रं, आरसे, वीज आणि चुंबक असत. तिथून पुढे युरोपातला जादूगार स्वतःला ‘प्रोफेसर’ म्हणवून घेऊ लागला. असे परदेशी जादूगार आगगाड्या आणि आगबोटींच्या सोयीमुळे हिंदुस्थानातही दौरे करू लागले. फाळक्यांनी शिकलेली जादू या परंपरेतली होती.

म्हणून नावही तसंच घेतलं. प्रोफेसर केळफा! ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी परदेशी पाहुणे आहेत. आडनाव उलटं केलं आणि मराठी माणूस गायब झाला. त्यांची पहिली जादू हीच म्हणा ना!

रंगमंचावरच्या जादूत काय असतं? एक, प्रेक्षकाची नजर हवी तिथे वळवणं. उजवा हात हवेत हलतो तेव्हा खरं काम डावा हात करतो. दोन, प्रकाश आणि काळोख. मागे काळा मखमली पडदा असेल आणि वस्तूवर तसंच काळं कापड असेल, तर ती प्रेक्षकाला दिसत नाही. कापड झटक्यात ओढलं की वस्तू हवेतून प्रकट होते. तीन, वेळ. हात एक क्षण लवकर हलला तरी खेळ फसतो. फाळके हे सगळं शिकले. पुढे कॅमेऱ्यासमोर त्यांना याच तीन गोष्टी लागणार होत्या.

नोकरी, स्वदेशी आणि छापखाना

१९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली. सुरक्षित नोकरी, ठरलेला पगार. पण वंगभंगानंतर देशात स्वदेशीची चळवळ पेटली आणि दादासाहेबांनी ती नोकरी सोडली.

मग त्यांनी लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना सुरू केला. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातच. जवळच मळवलीला राजा रविवर्म्याचा प्रसिद्ध छापखाना होता. घरोघरी देवघरात लागणारी लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं तिथे छापली जात. त्या छापखान्याचं काम फाळके करत. पुढे हा व्यवसाय दादरला गेला, भागीदार आले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला दादासाहेब जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटलं नाही. स्वतः उभ्या केलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळीस. घरात बायको-मुलं आणि हातात काम नाही.

पडद्यावरची जादू

१९११ च्या सुमारास, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावात एका तंबू थिएटरमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता, चमत्कार करत होता. आणि दादासाहेबांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली. आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील?

हलती चित्रं मुंबईला नवीन नव्हती. ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी ७ जुलै १८९६ रोजीच वॉटसन हॉटेलात पहिला खेळ केला होता. हजारो लोकांनी तोवर असे खेळ पाहिले होते. ते पाहून खुश झाले आणि घरी गेले. फाळके मात्र हे कसं केलं असेल, हा प्रश्न घेऊन घरी आले. जादूगाराची नजर ती हीच. दुसऱ्याचा खेळ पाहताना टाळी वाजवतानाच त्याचं डोकं विचार करत असतं, की दोरी कुठे आहे?

यानंतर त्यांनी झपाटल्यासारखा अभ्यास सुरू केला. जुना प्रोजेक्टर, फिल्मचे तुकडे, पुस्तकं जमवली. रोज कितीतरी तास चित्रपट पाहायचे, रात्री जागून वाचायचं. डोळ्यांवर इतका ताण पडला, की काही काळ दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता.

त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून सुमारे दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथे ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले. ओळख नाही, देख नाही. पण त्या संपादकांनी त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र आणि कच्ची फिल्म मागवून दादासाहेब १ एप्रिलला मुंबईत परतले. फक्त दोन महिने!

कुंडीतला वाटाणा

आता पैसा हवा होता. पण कधी न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार? तेव्हा दादासाहेबांनी एक प्रयोग केला, आणि आपल्यासारख्या शिक्षकांनी तर तो कधीच विसरू नये असा आहे.

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा पक्का बसवला. ठरावीक वेळाने थोडी थोडी फिल्म घ्यायची, असं जवळजवळ महिनाभर चालू ठेवलं. मग ती फिल्म सलग दाखवली. बी फुटलं, अंकुर वर आला, पानं उघडली, वेल वाढला, आणि हे सगळं एक-दीड मिनिटात! ‘अंकुराची वाढ’ असं या छोट्या चित्रपटाचं नाव. तो पाहून सावकार चकित झाले आणि कर्ज मिळालं.

आता गारुड्याच्या आंब्याच्या खेळाची आठवण करा. कोय पुरायची, टोपली झाकायची, मंत्र म्हणायचा आणि रोप काढून दाखवायचं. फाळक्यांनी तोच खेळ केला. फरक इतकाच, की गारुड्याचं रोप आधीच लपवून ठेवलेलं असतं आणि फाळक्यांचा वाटाणा खरोखरच मातीतून उगवला होता. त्यांच्या जादूत खोटं काही नव्हतं. त्यांनी फक्त वेळ दुमडली.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

‘राजा हरिश्चंद्र’चं काम दादरच्या राहत्या बंगल्यात सुरू झालं. चित्रपटात काम करणं तेव्हा प्रतिष्ठेचं मानत नसत. म्हणून काम करणाऱ्या मंडळींना त्यांनी सांगून ठेवलं, की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असं सांगा. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या, नाचणाऱ्या बायकांनाही विचारून झालं, सगळीकडून नकार. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकघरात काम करणारा साळुंके नावाचा तरुण दिसला. नाजूक बांधा, लांब बोटं. दहा रुपये पगार होता, दादासाहेबांनी पंधरा देऊ केले. तो तारामती झाला. रोहिदासाचं काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केलं.

आणि सरस्वतीबाई? त्यांचं नाव एक गुणाच्या प्रश्नात कधीच येत नाही. रात्री दिव्याच्या मंद प्रकाशात त्या कच्च्या फिल्मला भोकं पाडत. रसायनं मिसळून फिल्म धूत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करत. पैशासाठी अंगावरचे दागिनेही त्यांनी दिले. जादूच्या खेळात पडद्यामागे एक मदतनीस असतो. खेळ त्याच्यावर उभा असतो आणि टाळ्या दुसऱ्याला मिळतात. सरस्वतीबाई तशा होत्या. पालकहो, मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगा.

२१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी लागला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ याच कोरोनेशनमध्ये दाखवला गेला होता, हेही मुलांना सांगावं. तो रंगमंचावरच्या नाटकाचं केलेलं चित्रण होता आणि त्याची फिल्म धुण्याचं काम लंडनला झालं होतं. फाळक्यांनी कथा, चित्रण, धुलाई, जोडणी सगळं इथेच आणि आपल्याच माणसांच्या हातून केलं, म्हणून पहिलेपणाचा मान त्यांना मिळतो.

जाहिरातीतही जादूगार लपला नाही. तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र पाहा, अशी जाहिरात त्यांनी केल्याचं सांगतात. गणिताच्या तासाला हा हिशेब जरूर करून पाहा. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रं. ३,७०० × १६ = ५९,२००. म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास बरोबरच म्हणायचा! पण ५,२८० फुटांचा एक मैल, तेव्हा लांबी पाऊण मैलसुद्धा भरत नाही. दोन मैल कुठून आले? रंगमंचावर उभा असलेला प्रोफेसर केळफा बोलला, दुसरं काय!

जुनी जादू, नवा पडदा

पुढे ते नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ या त्यांच्या चित्रपटात दुर्गाबाई आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली आणि पडद्यावर बाईच्या भूमिकेत बाई आली. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’. त्यात कंसाला जिकडे तिकडे कृष्ण दिसू लागतात आणि त्याचं स्वतःचं मुंडकं धडावेगळं होऊन तरंगतं. हे कसं केलं असेल? पाठीमागे काळा पडदा, अंगावर काळं कापड, आणि त्याच फिल्मवर दोनदा चित्रण. रंगमंचावरचा काळ्या मखमलीचा खेळ तो हाच, आता कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर.

तिकडे फ्रान्समध्येही असंच घडलं होतं. जॉर्ज मेलिएस हा पेशाने जादूगार. रॉबेर-उदँचं ते जादूचं नाट्यगृह त्याने १८८८ मध्ये विकत घेतलं होतं. ल्युमिएर बंधूंचा खेळ पाहिला आणि तोही कॅमेऱ्याकडे वळला. १९०२ मध्ये त्याने चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढला. दोन देश, दोन जादूगार, आणि दोघांनाही एकच गोष्ट उमगली. जादूगाराला आजवर जे हवं होतं, ते यंत्र आता आलं आहे.

पण एका बाबतीत आपले फाळके मला वेगळे वाटतात.

गुपित सांगणारा जादूगार

जादूगाराचा पहिला नियम कोणता? गुपित फोडायचं नाही. फोडलं तर पोटावर पाय.

फाळक्यांनी काय केलं ते बघा. १९१६ च्या सुमारास त्यांनी ‘प्रोफेसर केळफाच्या जादू’ असा छोटा चित्रपट काढला आणि त्यात स्वतः जादूगार म्हणून उभे राहिले. लगेच १९१७ मध्ये दुसरा छोटा चित्रपट काढला, त्याचा विषय चित्रपट कसा तयार करतात हाच! त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. त्याच काळात ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून त्यांनी आपल्या धडपडीची सारी हकीकत मराठी वाचकांपुढे मांडली.

आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’. यात बाळकृष्णाचं काम त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केलं. चित्रपटाच्या सुरुवातीला ती साधी मुलगी म्हणून पडद्यावर येते. हसते, रुसते, चिडते. प्रेक्षक तिचा चेहरा नीट पाहून घेतात आणि मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. म्हणजे ही माझी लेक आहे, हा खेळ आहे, हे आधीच सांगून टाकलं. तरीही पुढे कृष्ण कालियाशी झुंजला तेव्हा लोक भान हरपून पाहत राहिले. गुपित कळल्याने जादू कमी झाली नाही, उलट वाढली.

हाच मुद्दा मला आपणा सर्वांसमोर ठेवायचा आहे. मुलांच्या मनातलं आश्चर्य टिकवायचं, तर उत्तर लपवायचं नसतं. इंद्रधनुष्य कसं होतं हे कळलं म्हणून ते फिकं पडत नाही. आपल्या गावांत आजही कुणी हातातून अंगारा काढतो, कुणी लिंबातून रक्त काढून दाखवतो. तिथे गुपित झाकलेलं असतं, कारण झाकण्यावरच सगळा धंदा चालतो. बडोद्यात कॅमेऱ्याच्या अफवेने ज्याचा धंदा बुडाला, त्या माणसाने मोठा जादूगार झाल्यावर लोकांना कॅमेऱ्याच्या आत डोकावू दिलं. याचं मोल मला त्यांच्या पहिलेपणाच्या मानाइतकंच वाटतं.

उतरती कळा

१९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैसा आला, पण हिशेब आणि मतभेदही आले. वैतागून दादासाहेब काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. काही काळाने परत आले, पुन्हा चित्रपट काढू लागले. सगळे मिळून शंभराच्या आसपास लहान-मोठे चित्रपट त्यांनी केले.

पण काळ बदलला. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूक होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. त्यानंतर हाक आली नाही. ज्या धंद्याचं रोप त्यांनी लावलं, त्याचा वृक्ष झाला आणि त्याच्या सावलीत त्यांनाच जागा उरली नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. पलीकडे मेलिएसही कर्जबाजारी झाला. त्याने आपल्या फिल्म स्वतःच्या हाताने जाळल्या आणि पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकावर खेळणी विकत दिवस काढले.

१९६९ मध्ये भारत सरकारने दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले आहेत. उरलेले काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत.

वर्गात काय करता येईल?

१. कुंडीत वाटाणा किंवा मूग पेरा. मोबाइल रोज एकाच जागी, एकाच वेळी ठेवून मुलांकडून फोटो काढून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी ते फोटो भराभर सरकवून दाखवा. ‘अंकुराची वाढ’ आपल्या वर्गात तयार!

२. जुन्या वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडं थोडं बदलणारं चित्र काढा. चेंडू उडी मारतोय, पक्षी पंख हलवतोय. पानं फरफर सोडली की चित्र चालू लागतं. चित्रपटाचं सगळं तत्त्व त्या कोपऱ्यात आहे.

३. मुलांना एक सोपी जादू शिकवा आणि अट घाला, की आधी करून दाखवायची आणि मग ती कशी केली हे सर्वांना समजावून सांगायचं.

४. मोठ्या मुलांना सरस्वतीबाईंवर दहा ओळी लिहायला सांगा.

आपल्या वढू बुद्रुकला धर्मवीर संभाजी महाराजांची समाधी असल्यामुळे आपल्या मुलांना इतिहास दाराशीच भेटतो. थोर माणूस म्हटला की तलवार आणि रणांगण त्यांच्या डोळ्यांपुढे येतं, ते योग्यच आहे. त्याबरोबर कुंडीतल्या वाटाण्यासमोर महिनाभर धीर धरून बसलेला माणूसही थोर असतो, हे आपण त्यांना सांगायला हवं. शिरूर-दौंडकडच्या यात्रेत जादूचा खेळ पाहताना एखादं पोर कानात हळूच विचारतं, हे कसं केलं हो? त्याला गप्प बसवू नका. धुंडिराज फाळके आयुष्यभर हाच प्रश्न विचारत होते.

लेख आवडल्यास आपल्या शाळेतील सहकाऱ्यांना आणि पालकांना जरूर वाचायला द्या.